हात कामात, कान मोकळे: तुम्ही कोणते पॉडकास्ट ऐकता?

तिस्कावरचा
नमस्कार मंडळी. मी रोज फोंड्याहून वेर्ण्याला कामाला जातो, बोरीच्या पुलावर गाडी अडकली नाही तर पाऊण तास, अडकली तर देवाक खबर. इतकी वर्षं एफएम ऐकत होतो पण आता तेच चार गाणी आणि तेच जागा विकणाऱ्यांच्या जाहिराती, वीट आला. मध्ये एका फुकटच्या अ‍ॅपवर पॉडकास्ट ऐकायचो, ते अ‍ॅपच बंद झालं आणि माझी सगळी यादी गेली. आता नव्याने सुरुवात करायची आहे. मला इतिहास आवडतो, थोडं धंदापाण्याचं, थोडं विज्ञान, पण फार जड नको, सकाळी आठ वाजता गाडी चालवताना कोणी प्रोफेसर अंगावर आलेला चालणार नाही.

दुसरी गोष्ट, आई. वय 74. जन्मभर पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारी बाई, आता डोळ्यांच्या पडद्याला त्रास झालाय, मोठे मथळे सोडून काही वाचता येत नाही. टीव्हीवरची मालिका तिला सहन होत नाही. तिच्यासाठी ऐकायचं काय ते पण सांगा. मराठी किंवा कोंकणी असलं तर उत्तम, हिंदी चालतं. इंग्लिश नको.

सोलकढी
कान मोकळे असतात तेव्हा तुमचे हात काय करत असतात ते आधी सांगा, मग काय ऐकायचं ते सांगता येतं. मी केटरिंगचं काम करते, सुंगटं म्हणजे कोळंबी सोलायला बसलं की दीड-दोन तास जातात, हात वासाचे असतात त्यामुळे फोनला हात लावून पुढे-मागे करता येत नाही. तेव्हा मला लांबलचक, एकसुरी चालणारं लागतं. नारळ खवताना मात्र गप्पांचं काही लावलं तर अर्धं ऐकूच येत नाही, तिथे गाणी बरी.

सुंगटांसाठी माझा आवडता गॅस्ट्रोपॉड. नावावरून गोगलगायीचा वाटतो पण आहे खाण्यावर, सिंथिया ग्रेबर आणि निकोला ट्विली अशा दोघी 2014 पासून चालवतात. एक पदार्थ किंवा एक वस्तू घ्यायची आणि तिचा इतिहास आणि विज्ञान दोन्ही उसवायचं. पाककृती सांगत नाहीत हे सगळ्यात चांगलं. मी ऐकता ऐकता माझ्याच फळीवर बघत असते, मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, काजू ब्राझीलचा, बटाटा, टोमॅटो, पेरू, अननस सगळे तिकडचे. मग आमची आजी मिरीचं तिखट का म्हणायची ते कळतं. आपल्या हुमणातलं, म्हणजे माशाच्या आमटीतलं, जुनं काय तर नारळ, हळद आणि सोलां म्हणजे आमसुलं.

टेकी_बाब
@तिस्कावरचा यादी गेली म्हणजे तुम्ही ओपीएमएल फाईल काढून ठेवली नव्हती. जवळजवळ सगळ्या चांगल्या अ‍ॅपमध्ये एक्स्पोर्ट म्हणून असतं, ती एक छोटी फाईल मिळते, तुम्ही सबस्क्राईब केलेल्या सगळ्यांचे पत्ते त्यात असतात, नव्या अ‍ॅपमध्ये टाकली की सगळं परत. कारण पॉडकास्ट हा मुळात कुठल्या कंपनीच्या घरचा नाही. जो करतो तो आपला ऑडिओ कुठेतरी ठेवतो आणि त्याची आरएसएस फीड, म्हणजे भागांची आपोआप वाढत जाणारी यादी, असते, अ‍ॅप फक्त ती फीड वाचून नवीन भाग आला की तुम्हाला आणून देतं. पेपर टाकणाऱ्या पोरासारखं, पोर बदललं म्हणून पेपर बंद होत नाही. हां, काही कार्यक्रम एकाच प्लॅटफॉर्मवर कोंडलेले असतात, ते वेगळं.

अँड्रॉईड असेल तर अँटेनापॉड घ्या. फुकट, ओपन सोर्स, स्वतःची एक जाहिरात नाही, लॉगिन नाही. आयफोनला पॉकेट कास्ट्स किंवा जे आधीच आलेलं असतं ते. आणि दोन सेटिंग आजच करा, गप्प राहण्याच्या जागा गाळायचं एक असतं ते आणि स्पीड 1.5. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, मग साधं बोलणं ऐकलं तर माणूस आजारी आहे की काय असं वाटायला लागतं. वर्षाला किती तास वाचतात हिशेब करा.

मोगरी
वाचलेल्या तासांचं काय करता ते पण सांगा टेकीबाब. आणखी पॉडकास्ट ऐकता ना?

मी गाणं शिकवते, मला 1.5 म्हणजे पाप वाटतं. गप्प राहण्याच्या जागा गाळायच्या म्हणजे तर कहरच, समेवर यायच्या आधीची जागा गाळली तर उरलं काय?

माझ्याकडून दोन. साँग एक्स्प्लोडर, हृषिकेश हिरवे नावाचा माणूस 2014 पासून करतो. एक गाणं घेतात, ज्याने केलं त्यालाच बसवतात आणि थर उलगडतात, हा ढोल इथून आला, हा आवाज चुकून राहिला, आणि शेवटी पूर्ण गाणं वाजतं. होस्ट स्वतःचा आवाज जवळजवळ काढूनच टाकतो, मला तर ते फारच आवडतं, आपल्याकडे मुलाखत घेणाराच जास्त बोलतो. गाणी माझ्या ओळखीची नसतात, तरी शेवटी वाजतं तेव्हा ओळखीचं झालेलं असतं.

दुसरा ट्वेंटी थाउजंड हर्ट्झ. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येतं त्यावरून नाव. आवाज ह्याच विषयावर सगळा कार्यक्रम. आवाज ह्या गोष्टीवर कोणी इतकं बोलेल असं वाटलं नव्हतं. आवाजावरून आठवलं, 1977 ला नासाने व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली त्यात आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. माझ्या क्लासातल्या पोरींना सांगितलं तर त्यांना वाटलं मी थापा मारते. ती यानं आता ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचली, आणि केसरबाई अजून गातायत असं समजायला काय हरकत आहे.

आगशीकर
एकाने तरी फुटबॉल म्हटलं का? हे गोवा आहे की पुणे?

गार्डियन ह्या इंग्लिश पेपरचा फुटबॉल वीकली. मॅक्स रशडेन आणि बॅरी ग्लेंडेनिंग. फुटबॉल कमी आणि टोमणे जास्त, म्हणजे आमच्या मैदानाच्या कट्ट्यावर जे चालतं तेच, फक्त इंग्लिशमध्ये आणि शिव्या कमी. आमच्या वेळी साळगावकर विरुद्ध धेंपो असलं की फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जे बोलणं चालायचं ते कोणी रेकॉर्ड केलं असतं तर जगातला एक नंबर पॉडकास्ट झाला असता. क्रिकेटवाल्यांसाठी 81 ऑल आउट आहे, भारतीय क्रिकेट, शांतपणे, जुन्या मॅची उकरून. ते जावई ऐकतो. मला विचारू नका.

रायबंदर_फेरी
मी चोडण बेटावरून येते, फेरीबोटीची वाट बघणं आणि फेरीतून येणं मिळून रोजचा बराच वेळ जातो आणि तो आवडतो पण. इतिहासात एमए करते म्हणून @तिस्कावरचा यांच्या इतिहासाच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार मलाच!

जड नको असेल तर एम्पायर घ्या. विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद, 2022 ला सुरू झाला. सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीपासून आणि मग ब्रिटिश राज, फाळणी, पुढे ऑटोमन साम्राज्य, गुलामगिरी असं सरकत गेलाय. दोघं एकमेकांची चेष्टा करत बोलतात त्यामुळे गाडीत झोप येत नाही. एक मात्र होतं, भारतातली वसाहत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर ब्रिटिशच, आणि मी फेरीत बसून मनात म्हणते अहो इथे 1510 ते 1961 काय चाललं होतं, कंपनी जन्माला यायच्या नव्वद वर्षं आधीपासून! प्लासीचं ऐकत असताना समोर जुन्या गोव्याच्या चर्चांचे कळस दिसतात, फार गमतीशीर वाटतं ते.

इन अवर टाइम पण घ्याच. बीबीसी रेडिओचा, 1998 पासूनचा. मेल्विन ब्रॅग तीन प्राध्यापक बसवायचा आणि पाऊण तासात विषय संपवायचा, एखादा प्राध्यापक भरकटला की सरळ तोडायचा. हजारावर भाग आहेत, आज ग्रीक नाटक उद्या न्यूट्रिनो. ब्रॅग 2025 मध्ये बाजूला झाला पण जुने सगळे फुकट ऐकता येतात. तुम्ही प्रोफेसर नको म्हणालात, पण हे तीन एकमेकांच्याच अंगावर जातात, तुमच्या नाही.

भारताचा जुना इतिहास हवा असेल तर अनिरुद्ध कनिसेट्टीचा एकोज ऑफ इंडिया. आणि डॅन कार्लिनचं हार्डकोर हिस्टरी, पहिल्या महायुद्धावर सहा भाग आहेत, मिळून वीस तासांच्या वर. ते सुरू केलं तर बोरीचा पूल बंद पडावा असंच वाटेल.

निशाचर
मी कळंगुटच्या एका हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर. रात्री दोन ते पाच फक्त मी, माशांची टाकी आणि एखादा झिंगलेला पाहुणा ज्याला स्वतःचा रूम नंबर आठवत नाही. एकच कान लावून ऐकावं लागतं.

मला क्राइम लागतो. सीरियल हे पॉडकास्ट सगळ्यांनी ऐकलं असेल, 2014 चं, बाल्टिमोरच्या शाळकरी मुलीच्या 1999 च्या खुनाची केस, पॉडकास्ट ही गोष्ट जगाला माहीत झाली ती ह्याच्यामुळे असं म्हटलं तरी चालेल. ज्याला शिक्षा झाली होती तो अदनान सय्यद 2022 मध्ये बाहेर आला, त्यानंतरही कोर्टात घोळ चालूच राहिला. पण माझ्या मते त्याहून भारी डेथ इन आइस व्हॅली, बीबीसी आणि नॉर्वेच्या एनआरके ह्या सरकारी रेडिओ-टीव्हीने मिळून केलेलं, 2018. नॉर्वेत बर्गनजवळ 1970 ला एका बाईचं जळालेलं प्रेत सापडलं, कपड्यांची लेबलं कापलेली, अजून ती कोण हे माहीत नाही. पहाटे चार वाजता हे ऐकत असताना लिफ्ट आपोआप उघडली होती. आतमध्ये कोणी नव्हतं. मी तो भाग घरी जाऊन उन्हात बसून पूर्ण केला.

आणि सकाळी घरी गेल्यावर झोप लागत नाही त्यासाठी नथिंग मच हॅपन्स. नावासारखंच, काहीच घडत नाही. एक बाई एक छोटी गोष्ट सांगते, बेकरी, पाऊस, मांजर असं काहीतरी, आणि मग तीच गोष्ट परत सांगते, दुसऱ्यांदा जास्त हळू. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत मी आजवर पोचलेलो नाही. स्लीप टायमर लावून ठेवा नाहीतर दुपारी तीनला कोणीतरी कानात बोलत असतं.

सोलकढी
@निशाचर लिफ्टचं वाचून अंगावर काटा आला बाबा, रात्री सुंगटं सोलते मी.

तिस्कावरचा
धन्यवाद सगळ्यांना. अँटेनापॉड टाकलं, टेकीबाबांच्या सांगण्यावरून स्पीड पण वाढवला, एम्पायर सुरू केलं, तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. धंदापाण्याचं कोणी सांगितलं नाही अजून.

टेकी_बाब
प्लॅनेट मनी. एनपीआर ह्या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा, 2008 च्या मंदीच्या वेळी सुरू झाला, अर्ध्या तासाच्या आत एक गोष्ट. एकदा त्यांनी एक टी-शर्ट बनवून विकायचं ठरवलं आणि कापसाच्या शेतापासून बांगलादेशातल्या शिवणकामापर्यंत त्या शर्टाच्या मागे मागे गेले, अर्थशास्त्र शिकवायची ही रीत मला कॉलेजात मिळाली असती तर बरं झालं असतं. मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी हव्या असतील तर अक्वायर्ड, दोघे मित्र, एकेक भाग तीन-चार तासांचा. आपल्याकडचं म्हणाल तर अमित वर्माचा द सीन अँड द अनसीन, 2017 पासून. तो सुरुवातीला छोटा होता, मग वाढत वाढत एका पाहुण्याबरोबर पाच-पाच तास. हिंदीत पुलियाबाजी, सरकारी धोरण वगैरे विषय पण पुलावर बसून गप्पा मारल्यासारखे.

मोगरी
पाच तास! हे मात्र 1.5 वर चालेल मला.

बाणावलीची_सून
मी जरा वेगळं सांगते. आमच्या घरच्या जमिनीचे जुने कागद सगळे पोर्तुगीजमध्ये, कोमुनिदादचे म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, आफ्रामेंताचे म्हणजे तिने कायमच्या भाड्याने दिलेल्या जागेचे, सासरे होते तोवर ते वाचायचे, आता एक ओळ समजायची तर वकिलाकडे जावं लागतं. म्हणून मी पोर्तुगीज शिकायला घेतली. फुकटच्या शिकवणी अ‍ॅपवर बहुतेक ब्राझीलची पोर्तुगीज असते, लिस्बनची वेगळी, ते लोक स्वर गिळून टाकतात, लिहिलेलं एक आणि ऐकू येतं अर्धंच. मग प्रॅक्टिस पोर्तुगीज सापडला, युरोपातल्या पोर्तुगीजवरच आहे, हळू बोललेले संवाद, बाजारात, डॉक्टरकडे असे. भांडी घासताना लावते. जमिनीचा कागद अजून वाचता येत नाही पण परवा सासूबाईंच्या मैत्रिणीशी पोर्तुगीजमध्ये हवापाण्याच्या चार गोष्टी बोलले तर त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या चाळीस वर्षांत घराबाहेर कोणी माझ्याशी असं बोललं नाही. मी तर फक्त पाऊस पडेल म्हणाले होते.

तिस्कावरचा
आता आईचा अहवाल. माझा जुना फोन तिला दिला, अ‍ॅप, सेटिंग सगळं माझ्यासारखं करून, एक ब्लूटूथ स्पीकर पण घेतला. मराठी म्हणून व्हायफळ लावला, अमुक तमुक लावला, थिंक बँक लावला, मित्र म्हणे लावला. चारही तिने नाकारले. तक्रार एकच, "काय घाई आहे रे ह्यांना, कुठची गाडी चुकते? धापा टाकत बोलतात." मला स्वतःला व्हायफळमधल्या नाटक-सिनेमावाल्यांच्या गप्पा आवडल्या, थिंक बँकवरच्या मुलाखती पण चांगल्या. पण आईसाठी कोणी शांत बोलणारं आहे का?

आगशीकर
आजकालच्या पोरांना शांत बोलताच येत नाही. आमच्या वेळी आकाशवाणीवर बातम्या सांगणारा माणूस प्रत्येक शब्द ताटात वाढल्यासारखा वाढायचा. आईंना न्यूज ऑन एअर हे आकाशवाणीचं अ‍ॅप टाकून द्या, त्यात पणजी केंद्र थेट लागतं. माझे वडील तर त्याला पोर्तुगीजांच्या वेळच्या नावाने इमिसोरा द गोवा म्हणूनच म्हणायचे शेवटपर्यंत, 1946 चं केंद्र ते.

सोलकढी
काकींना बीबीसी मराठीची सोपी गोष्ट लावून बघा. एकच बातमी घेतात आणि काही मिनिटांत समजावून सांगतात, पेपर वाचायची सवय असलेल्या माणसाला बरं वाटेल. आणि कादंबऱ्यांची आवड असेल तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं वाचलेली मिळतात, पैसे पडतात, पण पुस्तक अख्खं असतं.

रायबंदर_फेरी
हिंदी चालत असेल तर तीन ताल. आज तक रेडिओचा. कमलेश सिंह म्हणजे ताऊ आणि त्यांची मंडळी, आठवड्यातून एकदा नुसत्या गप्पा, विषय कुठून सुरू होतो आणि कुठे जातो त्यांनाच ठाऊक नसतं. आमचे आजोबा संध्याकाळी सोप्यावर म्हणजे ओसरीवर बसायचे, येणारा-जाणारा थांबायचा, तंबाखू मळता मळता गावचं आणि जगाचं राजकारण व्हायचं, अगदी तसं. बायकांना सोप्यावर बसू देत नव्हते ती गोष्ट वेगळी, आजी दाराआडून सगळं ऐकायची आणि नंतर चुका काढायची.

तिस्कावरचा
@रायबंदर_फेरी आमच्याकडे पण अगदी असंच होतं. बाबा गेल्यापासून सोप्यावर चपला सोडून काही नसतं. आईचं हिंदी म्हणजे बिनाका गीतमाला आणि अमीन सायानी, तेवढ्यावर जन्म काढलाय. लावून बघतो.

तिस्कावरचा
आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा, आणि कबुली द्यायची आहे.

तीन ताल लावला. आई पाच मिनिटं ऐकत होती मग म्हणाली, "हा ताऊ बोलतो मजेशीर पण ह्याला पण कुत्रा पाठी लागलाय." मी म्हटलं झालं, आता हिंदीवाले पण नापास. तेवढ्यात भाची आली म्हापशाहून, बारावीत आहे, तिने फोन हातात घेतला आणि हसायलाच लागली. सेटिंग सगळं माझ्यासारखं करून दिलं होतं ना मी. स्पीड 1.5. वर गप्प राहण्याच्या जागा गाळलेल्या. तीन आठवडे माझी आई अख्ख्या महाराष्ट्राला धापा टाकायला लावत होती आणि मी इथे येऊन लोकांच्या बोलण्याबद्दल तक्रार करत होतो.

मोगरी
टेकीबाब, ऐकताय ना?

टेकी_बाब
ऐकतोय. 1 वर.

आगशीकर
आजकालच्या पोरांबद्दल मी वर जे म्हटलं ते मागे घेतो. पण थोडंच.

तिस्कावरचा
आता सगळे परत पहिल्यापासून लावतोय, जे नाकारले होते तेच, तिला काही न सांगता. काल दुपारी अमुक तमुकचा तोच पहिला भाग लावला. आई सोप्यावर बसून चवळीच्या शेंगा निवडत होती, अर्धा भाग होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग मला हाक मारून म्हणाली, "हे त्या दिवशीचेच ना रे? आता शुद्धीवर आलेले दिसतात."